सगळ्या तारा काळ्या

गाडी पंचाण्णवची, रोव्हर, सोड्याच्या बाटलीसारखी हिरवी.
एनिड बेअरस्टोबाईंनी मला विकली साडेचारशे पौंडांना,
वर एक कप चहा आणि एक अर्धवट सूचना :
"हॅरल्ड किल्ली टेकवायचा, मग थोडा थांबायचा.
किती, ते मी कधी विचारलं नाही.
मी कुठे चालवत होते?"

किल्ली म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यावर
शर्टाच्या बटणाएवढी स्टीलची टिकली.
डॅशबोर्डवरच्या खळग्याला ती टेकवली
की लाल दिवा विझायचा
आणि गाडी मला मालकीण मानायची.
हे उन्हाळ्यातलं.

ऑक्टोबरात हडर्सफील्डच्या चढांवर दहिवर धरू लागलं
आणि तिला माझा संशय यायला लागला.
पहाटेचे सव्वापाच, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सहाची पाळी,
मी टेकवतेय,
स्कार्फला पुसून टेकवतेय,
तोंडाची वाफ देऊन टेकवतेय,
दिवा आपला लुकलुकतोय.
स्टार्टर फिरतो, इंजिन धरत नाही.
आणि मग भोंगा.
अख्ख्या उताराच्या खिडक्या एकेक करून पिवळ्या.
समोरचे क्लेग आजोबा बनियनवर दारात येतात,
बोलत काही नाहीत,
नुसते घड्याळाकडे बघतात, मग माझ्याकडे.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात,
पण इथे चोर आलाच नव्हता.

अलार्म बसवणाऱ्यांचा नंबर मागच्या काचेवर होता, उन्हानं अर्धा उडालेला.
लावला. तिथे आता कुत्र्यांचे केस कापतात.
बाईनं विचारलं, कोण आहे?
मी म्हटलं, रोव्हर.
ती म्हणाली, हे नाव झालं, जात कुठली?
सोलापूर सोडल्यापासून एकवीस वर्षांत
हा प्रश्न मला पहिल्यांदाच आला,
आणि तोही असा.

शेवटी रेल्वेच्या कमानीखाली कमरभाई.
सीट मागे ढकलून, पाय बाहेर, डोकं पेडलांपाशी,
दातांत टॉर्च धरून दोन तास.
"बाजी, सगळ्या तारा काळ्या आहेत."
म्हणजे?
म्हणजे लाल नाही, निळी नाही, एकूणएक काळी.
बसवणारे मुद्दाम तसं करायचे,
चोराला कळू नये कुठली कशाला जाते.
आणि दुरुस्त करणाऱ्याला?
त्यावर ते तोंडातला टॉर्च काढून हसले.

चिकटपट्टीचा डिंक पाघळून काकवी झालेला.
पेट्रोलच्या पंपाची तार मध्येच तोडून
या डबीतून फिरवून आणलेली,
डबीत केसाएवढी चीर,
थंडीत ती उघडते, उन्हात मिटते.
आणि गालिच्याखाली एक चोरबटण, त्याच्या शेजारी
कागदी पट्टीवर बॉलपेननं, कुणा नेटक्या माणसाच्या अक्षरात :
११.

मी एनिडबाईंना फोन केला.
म्हटलं, अकरा. अकरा मोजायचे होते.
पलीकडे किटली शिट्टी घालत राहिली.
मग म्हणाल्या, "त्याचे ओठ हलायचे खरे.
मला वाटायचं, देवाचं म्हणतोय.
म्हणून मीही गप्प बसायचे."

डबी काढली. तारा जोडल्या, थेट.
कमरभाई म्हणाले, दिवा तेवढा राहू दे,
चोराला दिवा पुरतो.
चाळीस पौंड घेतले, डबी माझ्या हातात ठेवली.
साबणाच्या वडीएवढी, तितकीही जड नाही.
ती आता चमच्यांच्या खणात आहे.
टाकवत नाही, का ते विचारू नका.

आज पहाटे किल्ली फिरवली आणि गाडी लागली.
काही विचारलं नाही तिनं.
मला कुणीही असतं तरी चाललं असतं, हेही लक्षात आलं.
क्लेग आजोबांची खिडकी काळोखात.
लाल दिवा लुकलुकत होता, मागे काही नसताना.
मी हात चाकावर ठेवून मोजायला लागले,
सातपर्यंत गेले.
अकरापर्यंत थांबायला
मला वेळ नाही, सहाची पाळी आहे.